अँजिओप्लास्टीचा फुगा कोणी बनवला? आंद्रेआस ग्रुंत्सिग यांची गोष्ट

घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड काढून एकदा नीट वाचा. त्यात बऱ्याचदा अशी एक ओळ सापडते: २.५ बाय १५ चा बलून, १२ अ‍ॅटमॉस्फिअर. पहिला आकडा फुगलेल्या बलूनची जाडी, दुसरा त्याची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तिसरा आकडा म्हणजे आतला दाब. कारच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो, ते साधारण सव्वादोन अ‍ॅटमॉस्फिअर होतं. इथं त्याच्या पाचपट दाब, आणि तोही बॉलपेनच्या रिफिलएवढ्या रक्तवाहिनीत, धडधडत्या हृदयावर, पेशंट जागा असताना.

मी डॉक्टर नाही. पुरुषोत्तमनगरचा आहे, म्हणजे शहादा तालुक्यातला, सातपुडा-तापी परिसर साखर कारखान्याच्या गावचा. डिग्री इंजिनिअरिंगची, काम सॉफ्टवेअरचं. पण गावाकडून कुणाची ना कुणाची फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर येतच असते, कारण पोरगा इंजिनिअर आहे म्हणजे त्याला सगळंच कळतं असा सगळ्यांचा समज. असंच एक कार्ड वाचताना प्रश्न पडला की एवढ्या दाबाला हा फुगा फुगत फुगत जाऊन नस फाडत का नाही? उत्तर शोधत गेलो तर शेवटी झुरिकमधल्या एका स्वयंपाकघरात पोचलो.

ते स्वयंपाकघर आंद्रेआस ग्रुंत्सिग यांचं.

युद्धातलं बालपण

ग्रुंत्सिग यांचा जन्म २५ जून १९३९ चा, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातला. दोन-सव्वादोन महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. वडील विज्ञानाचे शिक्षक होते. ते युद्धात गेले आणि परत आलेच नाहीत. आईनं दोन मुलांना वाढवलं. मधे काही काळ हे कुटुंब नातेवाइकांच्या आधारानं अर्जेंटिनाला गेलं, तिथं जमलं नाही म्हणून परत आलं. परत आलं ते पूर्व जर्मनीत, लाइपझिगला. तिथल्या थॉमस शाळेत आंद्रेआस शिकले. ही शाळा आठशे वर्षं जुनी, आणि संगीतकार बाख तिथं शिकवायचे म्हणून प्रसिद्ध.

शाळा संपल्यावर ते पश्चिम जर्मनीत निघून आले. बर्लिनची भिंत १९६१ मध्ये उभी राहिली, त्याआधीची ही गोष्ट. हायडेलबर्गला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि १९६४ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढची काही वर्षं इकडे तिकडे नोकऱ्या, त्यात साथरोग आणि आकडेवारीच्या अभ्यासाचाही काळ होता. हा आकडेवारीचा भाग लक्षात ठेवा, पुढे त्याचं महत्त्व कळेल.

डार्मस्टाट शहरातल्या क्लिनिकमध्ये असताना एका पेशंटनं त्यांना विचारलं होतं, असं सांगतात, की प्लंबर तारेचा ब्रश घालून पाइप साफ करतो तशी माझी नस साफ करता येणार नाही का?

कारखान्याची नळी आणि हृदयाची नळी

आमच्या गावच्या कुणालाही हा प्रश्न लगेच पटेल. साखर कारखान्यात उसाचा रस आटवायला इव्हॅपोरेटर असतात, त्यात शेकडो उभ्या नळ्या. रसातले क्षार नळीच्या आतल्या बाजूला थरावर थर बसतात, त्याला स्केल म्हणतात. नळी अरुंद झाली की उष्णता नीट जात नाही, मग ते थांबवून केमिकलनं किंवा ब्रश मारून स्केल काढावाच लागतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबी, कॅल्शियम वगैरे साठून जे होतं ते वरवर तसंच दिसतं.

फरक एकच, पण जीवघेणा. कारखान्यात खरवडलेला स्केल धुऊन बाहेर काढता येतो. रक्तवाहिनीतून खरवडलेला तुकडा मात्र रक्तासोबत पुढे जातो, आणि पुढे नळी आणखी बारीक होत जाते. म्हणजे इथला अडथळा काढून तिथं बूच बसवल्यासारखं. त्यामुळे घाण काढायची नाही, ती जागच्या जागी बाजूला दाबायची, हा पर्याय उरतो.

हे काम सगळ्यात आधी अमेरिकेतल्या चार्ल्स डॉटर यांनी केलं. १६ जानेवारी १९६४ ला पोर्टलंडमध्ये ८२ वर्षांच्या एका बाईंचा पाय सडत चालला होता आणि त्या पाय कापू द्यायला तयार नव्हत्या. डॉटर यांनी अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून आधी बारीक, मग त्यावरून जाड अशी नळी ढकलली. वाट मोकळी झाली, पाय वाचला. (त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, वेर्नर फोर्समान नावाच्या जर्मन डॉक्टरनं स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी हृदयापर्यंत घालून चालत जाऊन एक्स-रे काढला होता. त्याला नोबेल मिळालं १९५६ मध्ये. त्याच्यावर वेगळा लेख होऊ शकतो, इथं नको.)

अमेरिकेत डॉटर यांच्या पद्धतीकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. जर्मनीत एबरहार्ड त्साइटलर यांनी ती उचलली आणि ग्रुंत्सिग ती त्यांच्याकडून शिकले. शिकताना त्यातल्या दोन अडचणी त्यांना दिसल्या, आणि दोन्ही शुद्ध इंजिनिअरिंगच्या होत्या. पहिली म्हणजे जेवढी वाट मोकळी करायची तेवढीच जाड नळी आत घालावी लागते, म्हणजे मांडीतलं भोकही तेवढंच मोठं. दुसरी म्हणजे नळी पुढे ढकलली जाते, त्यामुळे जोर पुढच्या दिशेनं लागतो आणि तुकडे सुटायची भीती राहते. हवा होता तो बाहेरच्या बाजूला, चारही दिशांना सारखा जोर. म्हणजे आत जाताना बारीक आणि जागेवर पोचल्यावर जाड होणारं काहीतरी. म्हणजेच फुगा.

फुगा का जमत नव्हता

फुग्याची कल्पना तशी अवघड नाही, आणि ती आधीही काहींना सुचली होती. पण ती चालत का नव्हती हे समजून घ्यायचं तर जत्रेतला लांबडा फुगा आठवा. तो फुगवताना आधी एकाच जागी गोटी येते आणि मग तीच मोठी होत जाते. कारण जिथं फुगा आधीच मोठा झालाय तिथलं रबर आणखी ताणणं सोपं जातं. असा रबरी फुगा अरुंद नसेत फुगवला तर तो अडथळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, जिथं मोकळी जागा आहे तिथं फुगतो आणि मधोमध चिमटलेलाच राहतो, डमरूसारखा. चांगली नस ताणली जाते, खराब भाग तसाच. जोर वाढवला तर चांगली नस फाटणार.

१९६९ पासून ग्रुंत्सिग झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात होते. दिवसा पेशंट बघायचे आणि रात्री घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर नळ्या, ब्लेड, दोरा, गोंद घेऊन बसायचे. सोबत पत्नी मिखाएला, त्यांच्या सहायक मारिया श्लुम्प्फ आणि मारियाचे पती वाल्टर. रबराभोवती रेशमी जाळी गुंडाळून त्याचं फुगणं रोखता येतं का, हेही करून पाहिलं. जमत नव्हतं.

मग ते गेले झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातले निवृत्त रसायनशास्त्रज्ञ हाइनरिश होप्फ यांच्याकडे. होप्फ यांनी पीव्हीसी सुचवलं. हो, तेच पीव्हीसी, जे आपल्या शेतात पाइपलाइनला असतं, फक्त इथं अगदी पातळ आणि मऊ केलेलं. पीव्हीसीची बारीक नळी एका ठरावीक जागी गरम करायची आणि आतून दाब द्यायचा, की तिथं सॉसेजच्या आकाराचा फुगीर भाग तयार होतो. थंड झाल्यावर तो आकार पक्का बसतो. आता हा भाग घडी घालून नळीला चिकटवला की बारीक होतो. आतून द्रव भरला की उलगडतो आणि ठरलेल्या जाडीला येऊन थांबतो. त्यानंतर दाब वाढवला की फुग्याची जाडी वाढत नाही, फक्त तो कडक होत जातो.

माझ्या मते ग्रुंत्सिग यांचा खरा शोध हा आहे. सगळीकडे त्यांचं नाव हृदयात फुगा घालणारा माणूस म्हणून येतं, पण फुगणं सोपं होतं, थांबणं अवघड होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर वापरणाऱ्यानं कितीही जोर लावला तरी न ओलांडता येणारी मर्यादा त्यांनी वस्तूच्या आतच घालून ठेवली. कार्डावरचा जाडीचा आकडा आधीच छापता येतो तो म्हणूनच. (आजचे बलून पीव्हीसीचे नसतात, नायलॉनसारख्या प्लास्टिकचे असतात, आणि काही किंचित जास्त फुगतातही. तत्त्व तेच.)

आणि हो, आत हवा भरत नाहीत. चुकून फुटला तर रक्तात हवा जाणं धोक्याचं, म्हणून एक्स-रेत दिसणारं औषध मिसळलेलं द्रव भरतात.

१२ फेब्रुवारी १९७४ ला हा फुगा पहिल्यांदा माणसात वापरला गेला, पायाच्या रक्तवाहिनीसाठी. पुढच्या वर्षी त्यांनी दोन पोकळ्यांची नळी बनवली. एका पोकळीतून फुगा भरायचा आणि दुसरीतून अडथळ्याच्या पुढचा रक्ताचा दाब मोजायचा. म्हणजे काम झालं की नाही हे अंदाजानं नाही, आकड्यानं कळणार.

पायापासून हृदयापर्यंत

पायात फुगा मिनिटभर ठेवला तरी पाय वाट बघतो. हृदय बघत नाही. फुगा फुगलेला असताना त्या नसेतलं रक्त थांबतं, म्हणजे काही सेकंदांसाठी आपणच छोटा हार्ट अटॅक आणतोय असं समजा. शिवाय हृदयाची नस पायातल्या नसेपेक्षा बारीक, वळणाची आणि सतत हलणारी. त्यासाठी सगळं पुन्हा लहान करावं लागलं. आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. १९७६ मध्ये मायामीतल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत ते प्रयोग पोस्टरवर मांडले, तेव्हा बहुतेकांनी मान हलवून पुढचा रस्ता धरला. सॅन फ्रान्सिस्कोच्या रिचर्ड मायलर यांना मात्र त्यात दम दिसला. मे १९७७ मध्ये त्यांच्यासोबत सॅन फ्रान्सिस्कोला, बायपाससाठी छाती उघडलेल्या पेशंटवर फुगा वापरून पाहिला. बायपास होणारच होतं, त्यामुळे बिघडलं तरी सावरता येणार होतं.

१६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये खरी वेळ आली. पेशंट ३८ वर्षांचा, विमा विकणारा. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मुख्य शाखेत एकच छोटा, पण जवळजवळ बंद करत आणलेला अडथळा. सर्जन ओके सेनिंग यांनी पाठिंबा दिला होता. १९५८ मध्ये माणसात पहिला पूर्ण पेसमेकर बसवणारे ते हेच. आपलं बायपासचं काम कमी करणाऱ्या पद्धतीला एखाद्या सर्जननं आपल्याच विभागाची टीम तयार ठेवून मदत करावी, हे मला फार मोठं वाटतं. पेशंट जागा होता. फुगा दोनदा फुगवला. अडथळ्याच्या पुढचा दाब वर आला आणि छातीतलं दुखणं गेलं. छाती उघडावी लागली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी पहिले चार पेशंट अमेरिकेतल्या परिषदेत मांडले, तेव्हा सभागृहानं टाळ्या वाजवल्या. वर्षभरापूर्वी पुढे निघून गेलेलीच ही मंडळी.

मग त्यांनी ब्रेक लावला

इथून पुढचा भाग मला जास्त आवडतो, कारण आपल्याकडे डेमो चालला की दुसऱ्या दिवशी लाँच असतं.

१९७९ मध्ये त्यांनी पहिल्या ५० पेशंटचा हिशोब न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. ५० पैकी ३२ जणांत यश. त्यांच्यातला अडथळा सरासरी ८४ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आला. पण त्याच लेखात हेही लिहिलं की पाच जणांना तातडीनं बायपासला न्यावं लागलं, आणि तिघांच्या ईसीजीत हार्ट अटॅकची खूण दिसली. बायपासला आलेल्यांपैकी जेमतेम १० ते १५ टक्के लोकांनाच ही पद्धत लागू पडेल, असाही अंदाज दिला, आणि ऑपरेशन व औषधांशी रीतसर तुलना करणारी चाचणी व्हायला हवी असंही मांडलं. स्वतःच्याच शोधाबद्दल एवढं हात राखून लिहिणं सोपं नाही. साथरोग आणि आकडेवारी शिकलेला माणूस इथं दिसतो.

दुसरं म्हणजे शिकवणं. १९७८ पासून झुरिकमध्ये त्यांनी वर्ग सुरू केले. ते कॅथलॅबमध्ये पेशंटवर काम करायचे आणि शेजारच्या सभागृहात जगभरातून आलेले डॉक्टर टीव्हीवर ते थेट बघायचे. थेट म्हणजे बिघडलं तर तेही सगळ्यांसमोर. सुरुवातीच्या काळात कॅथेटर कुणाच्या हाती द्यायचं यावरही त्यांचा कटाक्ष होता, आधी शिकून या आणि मग न्या. १९७९ मध्ये अमेरिकेत सगळ्या केसेसची एक सामायिक नोंदवही सुरू झाली, त्यात त्यांचा आग्रह मोठा होता.

बाजाराला असला ब्रेक नको असतो. मागणी वाढत होती, इकडे झुरिकमध्ये त्यांना पेशंट ठेवायला पुरेशा खाटा मिळत नव्हत्या. १९८० मध्ये ते अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले. तिथं पाच वर्षांत हजारो पेशंट झाले आणि त्यांचे वर्ग आणखी गाजले. फुग्याची मोठी कमजोरीही तिथंच ठळक दिसली. साधारण एक तृतीयांश पेशंटमध्ये मोकळी केलेली जागा काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. आणखी एक गोष्ट हळूहळू कळली. फुगा चरबी दाबून सपाट करतो असं आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात तो थराला तडा देतो आणि नसेची भिंत ताणतो. त्या जखमेवर शरीर जे भरून काढतं, त्यातून हे पुन्हा बंद होणं येतं.

ग्रुंत्सिग स्वतः विमान चालवायचे. २७ ऑक्टोबर १९८५ ला ते जॉर्जियाच्या किनाऱ्यावरून अटलांटाला परत निघाले, सोबत दुसऱ्या पत्नी मार्गारेट अ‍ॅन, त्याही डॉक्टर. हवा वादळी होती. विमान वाटेत कोसळलं आणि दोघंही गेले. ग्रुंत्सिग ४६ वर्षांचे होते.

त्याच १९८५ सालात चार्ल्स डॉटर गेले, हृदयाच्या नसांची अँजिओग्राफी सुरू करणारे मेसन सोन्स गेले आणि तिच्यासाठी आजही वापरतात त्या आकाराचे कॅथेटर बनवणारे मेल्विन जडकिन्सही गेले. कॅथलॅब उभी करणारी चार माणसं एकाच वर्षात.

फुग्यानंतर

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिश सिगवार्ट यांनी हृदयाच्या नसेत पहिले स्टेंट बसवले. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, मोकळी केलेली वाट उघडी धरून ठेवणारी. आज बसवले जाणारे जवळजवळ सगळेच स्टेंट ग्रुंत्सिग यांच्या फुग्यावर चढवून नेतात आणि त्या फुग्यानंच उघडतात. भारतात अँजिओप्लास्टी सुरू झाली तीही १९८६ मध्येच. ग्रुंत्सिग यांना हवी होती तशी बायपासशी तुलना एमरीमध्ये १९८७ मध्ये सुरू झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा तीन वर्षांनंतर मृत्यूंच्या प्रमाणात दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता, मात्र फुगावाल्यांना पुन्हा उपचार जास्त वेळा लागले.

आमच्या भागासाठी यातली एक गंमत सांगतो. प्रकाशाला आपण जी तापी बघतो, ती पुढे सुरतेला जाते, आणि त्याच सुरतेत सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज ही भारतीय कंपनी स्टेंट बनवते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्याला २९,६०० रुपये, कर वेगळा. त्याआधी औषधाच्या स्टेंटची किंमत पेशंटसाठी लाखाच्या वर जायची. पुढे आकडे थोडे बदलत गेले, पण मर्यादा राहिली.

किंमत उतरली तरी अंतर तेवढंच आहे. अँजिओप्लास्टीसाठी आमच्याकडची माणसं धुळे, नाशिक किंवा सुरत गाठतात, आणि हार्ट अटॅकमध्ये मिनिटं मोजली जातात. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट: छातीत जड वाटून घाम आला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जायला लागलं, तर ॲसिडिटी समजून सकाळची वाट बघू नका आणि थेट लांबच्या शहराची गाडीही पकडू नका. १०८ ला फोन करा किंवा जिथं ईसीजी निघतो अशा जवळच्या दवाखान्यात आधी जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन योग्य पेशंटला तिथं देता येतं आणि मग पुढे नेता येतं. हे घरातल्या मोठ्यांना तुम्हीच सांगून ठेवा, कारण रात्री दोन वाजता फोन तुमच्याच हातात असणार आहे.

झुरिकचा तो विमावाला पेशंट १९८७ मध्ये, म्हणजे फुगा घातल्याला दहा वर्षं झाल्यावर, एमरीत तपासणीला आला. ग्रुंत्सिग जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यांच्या सहकाऱ्यांनी अँजिओग्राफी केली. ती नस उघडी होती. स्टेंट वगैरे काही नाही, त्या दिवशी दोनदा फुगवलेल्या पीव्हीसीच्या फुग्यानं मोकळी केलेली.